फुटांत मोजलेली नदी

जुलैच्या मध्यावर कोल्हापुरात कुणी कुणाला फोन लावला की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "पाणी किती फुटावर हाय?" कुठलं पाणी, कुठे मोजलेलं, हे विचारणाऱ्याला सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची जी पातळी असते, तीच ही. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. आपला रक्तगट ठाऊक नसलेली माणसं या शहरात पुष्कळ सापडतील, पण हे दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचं पत्रक रोज निघतं. त्यात पातळी फूट-इंचांत असते आणि खाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी असते. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पंचगंगेवरची ही नावं इतक्या ठराविक क्रमाने येतात की वाचणाऱ्याला पहिल्या नावावरून शेवटचं आठवावं. त्याखाली भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांच्यावरचे बंधारे. गावाकडच्या माणसाला हे पत्रक म्हणजे रस्त्यांचं वेळापत्रक असतं. आपल्या वाटेवरचा बंधारा बुडाला का, दूध डेअरीपर्यंत पोचेल का, पोरांना शाळेत कुठल्या बाजूने धाडायचं, हे त्यावरून ठरतं.

सांगलीकरांचंही असंच असतं. त्यांची कृष्णा आयर्विन पुलावर मोजली जाते, तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर. दोन्ही ठिकाणचं शून्य वेगळं असल्यामुळे सांगलीच्या फुटाचा कोल्हापूरच्या फुटाशी तसा काहीच संबंध नाही. तरी पाऊस लागून राहिला की पाहुण्यारावळ्यांत 'तुमचं किती, आमचं किती' हा हिशेब चालतोच.

नदी म्हणाल तर लहान. पाच नद्यांचं पाणी एक होतं म्हणून पंचगंगा, पण त्यातल्या दिसणाऱ्या चारच: भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असं परंपरा सांगते. कोल्हापूरच्या शेजारी प्रयाग चिखलीला संगम होतो आणि तिथून पुढे पंचगंगा हे नाव लागतं. माघात तिथे स्नानाला गर्दी असते. संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा काय तो प्रवास. एवढ्याशा नदीने शहराला दरवर्षी धास्तावून सोडावं, याचं कारण तिच्या लांबीत नाही, तिच्या उशाशी आहे. चारही नद्या सह्याद्रीच्या कुशीतून निघतात. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. कासारी तर पावनखिंडीच्या परिसरातून खाली येते. बाजीप्रभूंनी १६६० च्या जुलैत ती खिंड लढवली तेव्हा तिथे पाऊस कसा कोसळत होता, याचं वर्णन प्रत्येक शाहिराने केलं आहे. तेच आभाळ आजही पंचगंगा भरतं. शिरोळच्या माणसाच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि पायाखाली गगनबावड्याचा पूर.

या नदीकाठी माणूस राहायला आला तो पाण्यापासून चार हात राखूनच. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदनगार यांनी आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया व मो. ग. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहनकालीन वस्ती हाती लागली: विटांची घरं, नाणी, भांडी आणि एक आश्चर्य. रोमन धाटणीच्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती निघाली. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता. ती मूर्ती आता टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. वस्तू भारी आहेच, पण नदीच्या अंगाने पाहिलं तर जागेची निवड त्याहून बोलकी आहे. पाणी हाकेच्या अंतरावर हवं, पण घरात यायला नको, हा विचार त्या वस्तीने उंचवटा पाहून केला होता. कोल्हापूरच्या जुन्या वसाहतींपैकी ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा या सगळ्या याच अंगाच्या. पुढे शहर पसरलं ते मात्र उंचवटा बघून नव्हे.

ब्रह्मपुरीच्या पायथ्याशीच शिवाजी पूल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, दगडी कमानींचा. पन्हाळा, जोतिबा, रत्नागिरी या सगळ्यांची वाट याच्यावरून असायची. पूल बांधणाऱ्यांना माहीत नसेल, पण त्यांनी शहराला एक मोजपट्टीही बांधून दिली. फूट-इंच रोज छापून यायला लागण्याआधी पुराचा अंदाज पुलावरूनच घेतला जायचा. खांबांची माशाच्या तोंडासारखी निमुळती दगडी टोकं पाण्याखाली गेली की 'मच्छिंद्री झाली' असं म्हणायचे. म्हणजे आता पूर मोठा, बघायला चला. जुनी माणसं अजूनही तसंच म्हणतात. मच्छिंद्री बघायला पुलावर झुंबड उडायची आणि पट्टीचे पोहणारे पुलावरून पुरात उड्या टाकायचे. हल्ली पोलिसांना पुलावर बॅरिकेड लावावी लागतात, कारण उड्या टाकणाऱ्यांपेक्षा मोबाइल घेऊन कठड्यावर चढणारे जास्त. जानेवारी २०१८ मध्ये याच पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जण गेले. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता. ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित पुरातत्त्व स्थळ, तेव्हा लगत बांधकामाला परवानगी कशी द्यायची, या पेचात तो वर्षानुवर्षं अडकला होता. अपघातानंतर चक्रं हलली आणि २०१९ मध्ये नवा पूल वाहतुकीला मोकळा झाला.

पंचगंगेच्या पाण्याची खरी गोष्ट मात्र पुरापेक्षा टंचाईतून सुरू होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी कोल्हापूर संस्थान हादरलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यातून घेतलेला धडा म्हणजे भोगावतीवरचं धरण. १९०९ मध्ये फेजिवडे गावाजवळ काम सुरू झालं. जवळच वसवलेल्या गावाला महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्यावरून राधानगरी नाव मिळालं आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. एका संस्थानाने, स्वतःच्या खजिन्यातून, एवढं मोठं काम अंगावर घ्यावं ही साधी गोष्ट नव्हती. पहिल्या महायुद्धाने महागाई वाढली, पैसा पुरेना, आणि १९१८ मध्ये भिंत ४० फुटांवर आली असताना काम थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. पूर्ण उंचीचं धरण उभं राहायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली.

आज राधानगरी म्हटलं की कोल्हापूरकराला आठवतात ते सात स्वयंचलित दरवाजे. जलाशयाची पातळी ३४७.५ फुटांवर गेली की पाण्याच्याच जोराने दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. वीज नको, बटण दाबायला माणूस नको. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. पावसाळ्यात 'पहिला दरवाजा उघडला', 'तिसरा आणि सहावा उघडला' अशा बातम्या क्रमांकासह येतात आणि शहरातली माणसं आपल्या फुटांत त्याची बेरीज करू लागतात. पुढे तुळशीवर धामोडला, कासारीवर गेळवड्याला आणि कुंभीवर गगनबावड्याच्या मुलखात धरणं झाली. पण त्यांच्या दरवाजांची अशी क्रमांकवार ओळख कुणाला नाही.

धरणात साठवलेलं पाणी नदीत सोडलं, आता ते अडवायचं कुठे? याला कोल्हापूरने दिलेलं उत्तर पुढे सगळ्या महाराष्ट्राने उचललं आणि पाटबंधारे खात्याच्या कागदोपत्री 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून नोंदलं. लोकांच्या तोंडी केटी वेअर. रचना अगदी साधी. नदीत ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करायचे. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा ठेवायच्या आणि त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक बसवत जायचं. बरग्यांच्या दोन ओळी घालून मधल्या पोकळीत माती ठासली की भिंत तयार. पूर्वी बरगे लाकडाचे असत, नंतर लोखंडी आले. लोखंडी आल्यावर ते चोरीला जाऊ लागले, आणि बंधाऱ्यावर राखण ठेवायची वेळ आली, हा त्यातला आपला देशी भाग.

बरगे घालायचे ते पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. घाई केली आणि परतीचा पाऊस जोरात झाला तर पाणी तुंबून काठचं पीक बुडतं. उशीर केला तर हातचं पाणी कृष्णेला जाऊन मिळतं. आणि काढायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हाही तोच पेच. उन्हाळ्यातलं शेवटचं पाणी सोडवत नाही म्हणून बरगे ठेवावेत, तर वळवाचं गढूळ पाणी अचानक येतं, झाडाच्या फांद्या आणि जलपर्णी खांबांना अडकते आणि फुगलेल्या पाण्याच्या दाबाने बरगे खाचेतून हलत नाहीत. मग क्रेन लावून एकेक बरगा उपसायचा. हे काम करणारी माणसं नदीचा अंदाज पत्रकावरून घेत नाहीत, पाण्याच्या रंगावरून घेतात. काठाकाठाने हिरवट पाणी तांबूस होऊ लागलं की वर पाऊस लागला.

राजाराम बंधारा हा असाच एक. उन्हाळ्यात पाणी अडवावं म्हणून तो उभा राहिला, त्याला नाव मिळालं शाहूंच्या नंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांचं, आणि जगात त्याची कीर्ती झाली ती पूर मोजण्यासाठी. बंधारा ज्या आठ महिन्यांसाठी बांधला त्या आठ महिन्यांत त्याच्यावरचा आकडा कुणी विचारत नाही.

त्या आठ महिन्यांत नदी काय काय करते, हे मात्र काठावर दिसतं. करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतला ऊस उपसा योजनांवर वाढला. काठावर मोटर, नदीत फूटव्हॉल्व्ह आणि शेतापर्यंत गेलेली पाइपलाइन. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं. ठरवून दिलेल्या दिवशी मोटर सुरू करायची नाही. त्या दिवसांत कुणाची मोटर रात्री गुपचूप चालते, हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. या पाण्यावरच्या उसाने आधी गूळ दिला. शाहूंनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारासाठीच. मग साखर आली. कसबा बावड्याचा राजाराम कारखाना, आणि खाली इचलकरंजीच्या बाजूला रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी उभारलेला पंचगंगा सहकारी साखर कारखाना. नदीचं नाव कारखान्याला मिळालं, एवढी ती उसात मुरली.

पंचगंगा घाटावर सकाळी म्हशी उतरतात. कोल्हापूरकराचं म्हशीवरचं प्रेम बाहेरच्याला थोडं अतिशयोक्त वाटतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, झुली घालून मिरवणूक काढणारं शहर ते हेच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळलेलं दूध पेल्यात मिळतं. त्या म्हशीला धुवायला पाणी कुठलं, तर नदीचं. पुलापलीकडच्या चिखली, आंबेवाडी, वडणगे या गावांची दुभती जनावरं आणि शहराची न्याहारी यांचं नातं जुनं आहे. घाटावर नवरात्राच्या आधी वाकळा, चादरी, घोंगडी यांचे ढीग येतात. घरातलं एकूणएक पांघरूण घटस्थापनेपूर्वी धुवून निघालं पाहिजे, आणि बाथरूमच्या नळाखाली वाकळ धुता येत नाही. ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची असते. मग घाटाच्या पायऱ्या, कठडे, देवळांच्या भिंती सगळीकडे रंगीत ठिगळं वाळत पडतात. याच घाटावर छत्रपती घराण्यातल्यांच्या समाध्या आहेत, नदीतली दगडी देवळं आहेत. उन्हाळ्यात त्या देवळांभोवती पोरं पोहतात आणि पावसाळ्यात त्यांचे कळस तेवढे वर राहतात, नंतर तेही नाहीत. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे सगळा घाट पणत्यांनी उजळतो आणि फोटो काढणाऱ्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही.

पण नदीशी शहराचं सगळ्यात मोकळं नातं बघायचं तर आषाढात यावं. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी नदीला आलं की ते 'नवं पाणी'. मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून पोरीबाळी घाटावर जातात, कलश भरून डोक्यावर घेतात आणि मिरवणुकीने शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या टेकडीवर, त्र्यंबोलीच्या देवळाकडे निघतात. पुढे पी-ढबाक वाजत असतं. हे वाद्य कोल्हापूरचंच म्हणायचं. सनईचा लांब 'पीऽऽ' आणि त्यावर ढोलाचा 'ढबाक', नावातच ताल आहे. देवळाशी पोचल्यावर ते पाणी पायऱ्यांवर ओततात. नैवेद्य होतो आणि मग गल्लीत जेवणावळ, बहुतेक ठिकाणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची. तालमी, मंडळं, पेठा सगळ्यांची आपापली यात्रा, त्यामुळे हे महिनाभर चालतं. नदी वाढली याची ही खरी जुनी दवंडी. नदीला पाणी आलं, आता पेरणीची काळजी नाही, साथीचे दिवस आहेत, देवी सांभाळ. गढूळ पाणी हे इथे घाणेरडं पाणी नव्हे. पुराच्या भीतीच्या कितीतरी आधीपासून नदीला पाणी येणं हा उत्सव होता, ते या एका रिवाजावरून कळतं.

नदीच्या खालच्या टोकाला हा उत्सव आणखी पुढे गेलेला आहे. नृसिंहवाडी, सगळ्यांची वाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे. नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेलं हे दत्तस्थान घाटाच्या पायऱ्यांवर, जवळजवळ नदीतच आहे. पाणी वाढू लागलं की सगळ्यांचे डोळे देवळाच्या उत्तर दाराकडे लागतात. त्या दाराने पाणी आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तेवढ्या वेळात दक्षिण दारापाशी स्नान करायचं, हा दक्षिणद्वार सोहळा. पाणी फार वाढलं तर उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात न्यायची आणि पाणी ओसरलं की परत आणायची. पातळी चढताना एकदा आणि उतरताना एकदा असा दुहेरी योगही येतो. चार इंच कमी तर सोहळा नाही, चार इंच जास्त तरी नाही. कोल्हापुरात ज्या चढत्या पाण्याने झोप उडते, त्याच पाण्याची वाडीत वाट पाहिली जाते.

गेल्या काही दशकांत मात्र पाण्याने सणाची हद्द ओलांडली. १९८९ चा महापूर मोठा होता. त्यानंतर चिखलीकरांना सोनतळीला माळावर भूखंड मिळाले. तीसहून अधिक वर्षं उलटली तरी जुनं गाव उठलेलं नाही, कारण शेत खाली, गोठा खाली, नदी खाली, आणि माळावर म्हशीला पाणी कुठून आणायचं? पूर आला की माणसं आणि जनावरं सोनतळीला जातात, ओसरला की परततात. पुनर्वसन झालं असं कागद सांगतो, आणि ते खोटंही नाही. २००५ मध्ये पुन्हा पाणी शहरात शिरलं.

मग ऑगस्ट २०१९. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, धोका पातळीच्या बारा फूट वर. सुतारवाडा, जामदार क्लब, शाहूपुरी, दसरा चौक, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत बोटी फिरल्या. शिरोलीच्या फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस तशाच थांबल्या. कुंभार गल्लीत गणपती रंगवायला ठेवलेले होते, सण महिन्यावर आला होता, आणि मूर्ती पाण्यात विरघळल्या. सगळ्यात विचित्र हाल पिण्याच्या पाण्याचे झाले. शहराला पाणी देणारी बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं नदीकाठी, ती बुडाली. चोहीकडे पाणी आणि घागर घेऊन टँकरमागे रांग. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी आणखी वर, ५६ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ ला ते रेंगाळलं होतं, २०२१ ला ते दोन दिवसांत चढलं. चाळीस फुटांवर सामान माळ्यावर टाकून ठेवलं की झालं, हा पिढीजात हिशेब दोन्ही वेळा चुकला.

दोष कुणाचा, यावर चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत वाद झाला. बहुतेकांचं बोट अलमट्टीकडे गेलं. कर्नाटकातल्या त्या धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने मान्यता दिली तेव्हापासून सांगली-कोल्हापुरात हा विषय पेटता आहे. कृष्णा फुगली की पंचगंगेला वाट मिळत नाही, हे तर वाडीचा कुठलाही नावाडी सांगेल. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली आणि पूररेषेतली बांधकामं, पाण्याच्या वाटेतले अडथळे यांच्याकडे तिचा रोख होता. लोकांना हे फारसं रुचलं नाही, आणि न रुचण्याचं कारणही उघड आहे. अलमट्टी दूर आहे. रमणमळ्यातली इमारत, महामार्गाचा मातीचा भराव, ओढ्यावर टाकलेला स्लॅब हे घरचं आहे. भरावाऐवजी कमानी ठेवल्या असत्या तर पाणी वाहून गेलं असतं, हे शिरोलीत आता सगळेच म्हणतात. शिवाजी पुलाच्या कमानी दीडशे वर्षांच्या होत आल्या तरी त्यांतून नदी निघून जाते, हा पुरावा शेजारी उभा असताना.

पावसाळा संपला की फूट संपतात. नदीचं दुसरं मोजमाप असतं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, सांडपाणी किती, पण त्याचा आकडा कुणाला पाठ नाही. शहरातला जयंती नाला करवीरच्या जुन्या माहात्म्यात जयंती नदी आहे, तिला मिळणारी गोमतीही नदीच. आज दोन्ही सांडपाणी वाहतात. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं केंद्र झालं, तरी नाल्यावरचा पंप बंद पडला की सगळं थेट नदीत. गणपती विसर्जनाची गर्दी इराणी खाणीकडे वळवण्यात शहराला बरंच यश आलं, हे मान्य करायला हवं. त्यासाठी मंडळांशी वर्षानुवर्षं हुज्जत घालावी लागली. पण सांडपाण्याला मिरवणूक नसते. खाली तेरवाडच्या बंधाऱ्याशी पाणी अडलं की हिवाळ्या-उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा थर दिसतो आणि जलपर्णी काठापासून काठापर्यंत पसरते.

याचा सगळ्यात मोठा भार इचलकरंजीवर पडला. यंत्रमागांचं हे गाव, २०२२ पासून महानगरपालिका, पंचगंगेच्या काठी असून पंचगंगेचं पाणी प्यायला धजावत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची साथ आली, हजारो आजारी पडले आणि कित्येकांचे बळी गेले. त्याआधीच मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं होतं, तेही पुरेना. कोल्हापूर शहराने आपली सोय पाहिली. काळम्मावाडी धरणातून, दूधगंगेचं पाणी थेट पाइपलाइनने आणायची योजना रखडत रखडत २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पुईखडीला पोचली. इचलकरंजीनेही दूधगंगेवरच्या सुळकूडहून योजना मंजूर करून घेतली, आणि कागल तालुक्यातली काठावरची गावं आडवी उभी राहिली. मोर्चे निघाले, बैठका झाल्या. त्या गावांचा सवाल असा आहे की तुमच्या दारातून नदी वाहते, ती आधी साफ करा आणि मग आमच्या नदीला हात लावा. इचलकरंजीकर म्हणतात, घाण वरून येते, आम्ही एकट्यांनी काय साफ करायचं? योजना मंजूर होऊनही काम अडून राहिलं.